"आफ्रिका आपली कोण लागते?" – मंडळीच्या अर्पणाबद्दल एक प्रश्न (नाशिक)

शरणपूरची_नात

सर्वांना सलाम.

गेल्या रविवारी चर्चमधली उपासना संपल्यावर आमच्या मंडळीची बैठक झाली. कापणीच्या सणाचं अर्पण यंदा बऱ्यापैकी जमलं आहे, त्याचं काय करायचं हा विषय होता. इमारतीचा रंग आणि नवी साउंड सिस्टीम यावर जवळजवळ एकमत झालं होतं. मी उठून म्हटलं, यातला दशांश तरी आपल्या भिंतीबाहेर जाऊ द्या. अर्धा पेठ-सुरगाण्याकडच्या क्षयरोग्यांना, अर्धा आफ्रिकेत मलेरियाने मरणाऱ्या लेकरांसाठी. पहिल्या अर्ध्याला माना डोलल्या. दुसऱ्या अर्ध्यावर आमचे एक वडीलधारे काका म्हणाले, "बाई, आपल्यातल्याच कितीजणांच्या घरात भाकरीची पंचाईत आहे. आफ्रिका आपली कोण लागते?"

तिथे मला उत्तर सुचलं नाही. रात्रभर डोक्यात तेच होतं, म्हणून इथे लिहिते.

नाशिकच्या ख्रिस्ती माणसाने हा प्रश्न विचारावा याचं मला वाईट वाटलं. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो. १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीने गावाबाहेर ही वस्ती बसवली आणि नाव ठेवलं शरणपूर. पुढे तिथे आफ्रिकी मुलं आली. गुलामांच्या व्यापाऱ्यांची गलबतं इंग्रजी आरमार समुद्रात अडवायचं, त्यातली पोरं मुंबईला उतरवली जायची आणि त्यातली कितीतरी इथे गोदावरीकाठी यायची. सुतारकाम, लोहारकाम, लिहायला-वाचायला शिकायची. जेकब वेनराइट त्यातलाच. आफ्रिकेत फिरलेले स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १ मे १८७३ ला आजच्या झांबियात वारले, तेव्हा त्यांचं हृदय तिथल्या झाडाखाली पुरताना प्रार्थना वाचली ती या शरणपूरच्या पोराने. मग सोबत्यांबरोबर त्याने तो देह दीड हजार किलोमीटरहून जास्त चालत समुद्रापर्यंत आणला, आणि १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा दिला. शरणपूरचे बरेच आफ्रिकी लोक नंतर मोंबासाजवळच्या फ्रिअर टाउनला गेले, नव्याने सुटलेल्या गुलामांना सांभाळायला.

माझे पणजोबा त्यानंतरचे. छपन्नच्या (संवत १९५६ च्या) दुष्काळात, म्हणजे १९०० च्या आसपास, आईबाप गेल्यावर कोणीतरी त्यांना मिशनच्या दारात आणून सोडलं. त्यांना जी भाकर मिळाली तिचे पैसे नाशिक कधी न पाहिलेल्या लोकांनी दिले होते. ते लोक आमचे कोण लागत होते?

प्रेषितांची कृत्ये, अकरावा अध्याय काढून बघा. यहूदीयात दुष्काळ पडणार हे अंत्युखियाच्या मंडळीला कळलं, आणि प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे मदत पाठवायचं ठरवलं. अंत्युखियात गरीब नव्हते असं थोडंच आहे?

तुमच्या मंडळ्यांत हे कसं ठरतं? आणि प्रत्यक्षात करायचं तर कसं?

देवळालीकर

ताई, शरणपूरची माहिती वाचून अभिमान वाटला. पण त्या काकांच्या बाजूने बोलतो. आमच्या मंडळीत चार कुटुंबांनी यंदा मुलांची फी भरलेली नाही. एकीच्या नवऱ्याचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा. आपलं अर्पण म्हणजे दहा-वीसच्या नोटा, त्या देणारी माणसं सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंत्राटावर आहेत. जगातल्या गरिबीची जबाबदारी त्यांच्या खांद्यावर टाकणं मला जड वाटतं. पौलानेही तीमथ्याला लिहिलंय की जो स्वतःच्या घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे.

पेठ_रस्ता

मी गेली काही वर्षं पेठ आणि सुरगाणा तालुक्यांत क्षयरोगाच्या कामात आहे. आफ्रिकेचं तुम्ही ठरवा, मी पहिल्या अर्ध्याबद्दल सांगतो.

जगातल्या क्षयरोग्यांपैकी साधारण चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे. म्हणजे जागतिक रोग म्हणून ज्याच्यावर परिषदा होतात तो इथून दोन तासांच्या एसटीवर आहे. औषध फुकट मिळतं. साधा क्षय असेल तर पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. सहा महिने न चुकता घेतली तर बहुतेक माणसं बरी होतात. तरी माणूस गोळ्या का सोडतो?

पहिलं कारण भूक. उपाशी पोटी गोळ्या घेतल्या की मळमळतं. त्यातल्या रिफाम्पिसिन या औषधाने लघवी केशरी होते, आधी कोणी सांगितलं नसेल तर माणूस घाबरतो. दीड-दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगात जीव येतो, आणि नेमकं तेव्हाच द्राक्षाचं काम सुरू झालेलं असतं. अख्खं घर दिंडोरी-निफाडला निघून जातं. गोळ्यांचं पाकीट गावातल्या घरात, माणूस मळ्यात.

सरकार निक्षय पोषण योजनेत रुग्णाला महिन्याला ५०० रुपये द्यायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. खात्यात पैसे यायला कधीकधी वेळ लागतो, आणि आले तरी घरात खाणारी तोंडं सहा असतात. म्हणून २०२२ पासून निक्षय मित्र ही सोय आहे. कोणतीही संस्था, कंपनी, एकटा माणूससुद्धा, नाव नोंदवून रुग्णाला सहा महिने धान्य, डाळ, तेल, शेंगदाणे, दुधाची पावडर देऊ शकतो. रुग्णाची संमती मात्र आधी घेतात. झारखंडमध्ये यावर मोठा अभ्यास झाला, २०२३ मध्ये निकाल आला: रुग्णाबरोबर घरच्यांनाही पुरेसा आहार दिला तर त्या घरात नव्याने क्षय होण्याचं प्रमाण जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी झालं. कुठली नवी लस नाही, महागडं यंत्र नाही. तांदूळ आणि डाळ.

अजून एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. माझी एक रुग्ण एका प्रार्थना सभेला गेली. तिला सांगितलं गेलं, तू बरी झालीस, आता गोळ्या म्हणजे अविश्वास. तिने तिसऱ्या महिन्यात औषध सोडलं. सहा महिन्यांनी परत आली तेव्हा साध्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्या होत्या. मंडळीला खरंच काही करायचं असेल तर पाळकांनी व्यासपीठावरून एकदा स्पष्ट सांगावं की प्रार्थना करा आणि गोळीही घ्या. त्याला एक पैसाही लागत नाही.

जुना_पाठ

पेठ_रस्ता, तुम्ही लिहिलंत ते प्रत्येक मंडळीत वाचून दाखवायला हवं. मी चाळीस वर्षं रविवारची शाळा घेतली. हिज्कीया राजाची गोष्ट आम्ही नेहमी अर्धीच सांगितली. तो मरणाच्या दुखण्यात भिंतीकडे तोंड करून रडला, देवाने प्रार्थना ऐकली, पंधरा वर्षं आयुष्य वाढवलं. पण यशया ३८ मध्ये पुढे काय आहे? संदेष्टा म्हणतो, अंजिरांची ढेप आणून गळवावर बांधा म्हणजे तो बरा होईल. प्रार्थना ऐकली गेल्यावरही पोटीस बांधायचंच होतं.

देवळालीकर, तुमचा मुद्दाही खरा आहे. पण तीमथ्याचं ते वचन अर्पण अडवायला वापरू नये असं मला वाटतं. पौल स्वतः मासेदोनियाच्या मंडळ्यांबद्दल करिंथकरांना लिहितो की त्या आत्यंतिक दारिद्र्यात असून त्यांनी ऐपतीबाहेर दिलं, आणि देण्यात आम्हालाही सामील करा म्हणून विनवणी केली. त्यांना कोणी भाग पाडलं नव्हतं. गरीब माणसाकडून देण्याचा हक्क काढून घ्यायचा नाही. आमच्या मंडळीत विधवा बायकांची मूठभर तांदळाची पिशवी यायची, आणि ती देताना त्यांच्या तोंडावर जे तेज असायचं ते मी विसरलेलो नाही.

मळेवाला_दिंडोरी

मी ख्रिस्ती नाही, माळकरी घरातला आहे. धागा चांगला चाललाय म्हणून मनातलं विचारतो, राग मानू नका. अशा मदतीच्या मागे धर्म बदलायचा हेतू असतो असं आमच्याकडे सर्रास बोललं जातं. तुम्ही पेठच्या आदिवासींना धान्य द्याल, पुढे काय?

दुसरं, मजुरांबद्दल. माझ्याकडे दरवर्षी पेठ भागातल्या तीन-चार जोड्या येतात, छाटणीपासून खुडणीपर्यंत. कोणाला क्षय आहे हे ते सांगत नाहीत, कारण काम जाईल अशी भीती असते. मागच्या साली एकाला थुंकीतून रक्त आलं तेव्हा कळलं. आधी कळलं असतं तर मी हाकलला नसता.

शरणपूरची_नात

दादा, रागाचा प्रश्नच नाही, विचारलंत ते बरं केलं. इतिहासात भाकरीच्या बदल्यात बाप्तिस्मा असं कुठेच झालं नाही असं मी म्हणणार नाही. माझ्या पणजोबांनी स्वतःहून निवडलं की सात वर्षांच्या उपाशी पोराला निवडीचा अर्थच नव्हता, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही. म्हणूनच माझं मत पक्कं आहे: पिशवीत धान्याशिवाय काही नको. पत्रक नको, वचनाचं कार्ड नको, मंडळीचा शिक्काही नको. ती आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हातून जावी. प्रभूने दहा कुष्ठरोगी बरे केले, एकच परत आला, बाकी नऊंचं कुष्ठ काही परत आलं नाही.

आणि मळेवालेदादा, तुमचा मजुरांचा मुद्दा वाचून लेवीय १९ आठवलं. आपल्या नाशिकसाठीच लिहिल्यासारखं आहे: द्राक्षमळा पुरता झाडून घेऊ नकोस, गळालेली द्राक्षं वेचू नकोस, गरीब आणि परका यांच्यासाठी ती राहू दे.

रविवारची_घंटा

शरणपूरची_नात, शिक्का नको इथपर्यंत ठीक. पण एक विचारतो: मग आपल्यात आणि कुठल्याही सेवाभावी संस्थेत फरक काय राहिला? मंडळीला नेमून दिलेलं काम सुवार्तेचं आहे. पोट आज भरलं, उद्या पुन्हा रिकामं. आत्म्याचं काय? दिवा लावून मापाखाली ठेवत नाहीत असं प्रभूच म्हणाला. मी मदतीच्या विरोधात नाही. गेल्या कोविडमध्ये मी स्वतः सिलेंडर वाहिले आहेत. पण नाव लपवायची लाज का?

जुना_पाठ

लाज नाही. पुढच्याच अध्यायात तो म्हणतो, दान देताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नकोस. दोन्ही वचनं एकाच डोंगरावरची आहेत. आणि मत्तय २५ मध्ये न्यायाच्या दिवशी उजवीकडचे लोक विचारतात, प्रभू, आम्ही तुला भुकेला कधी पाहिलं? त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी त्याचं नाव घेऊन केलेलं नव्हतं, तरी त्याने ते स्वतःला केलेलं मानलं. मला तो अध्याय वाचताना दर वेळी भीती वाटते.

जामखेडची_लेक

नर्स आहे, माहेर जामखेड तालुक्यातलं, सध्या नाशिकरोडला. घंटावाल्या दादांच्या "फरक काय" याचं उत्तर मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे. दोघं वेल्लोरच्या ख्रिस्ती मेडिकल कॉलेजचे. १९७० ला जामखेडला आले. तेव्हा तिथे हजार जन्मांमागे पावणेदोनशेच्या आसपास बाळं वर्षाच्या आत जायची. त्यांनी मोठं हॉस्पिटल उभारून रुग्णांची वाट पाहिली नाही. गावागावातून एकेक बाई निवडली, बरीचशी निरक्षर, कितीतरी दलित वस्तीतल्या, आणि तिला शिकवलं: बाळाचं वजन, जुलाबात मीठ-साखरेचं पाणी, बाळंतपणात स्वच्छता, कुष्ठाचा चट्टा कसा ओळखायचा. पाण्याच्या बोअर दलित वस्त्यांत घेतल्या, म्हणजे बाकीच्या गावाला तिथे यावं लागलं. पंचवीसेक वर्षांत बालमृत्यूंचा तो आकडा तिशीच्या खाली आला. १९७९ ला मॅगसेसे मिळालं.

याचा जगाशी संबंध असा. साठच्या दशकात जागतिक चर्च परिषदेने तपासलं तर चर्चचा आरोग्यावरचा बहुतेक पैसा हॉस्पिटलांत जात होता आणि हॉस्पिटलपर्यंत पोचू न शकणारा गरीब बाहेरच मरत होता. मग १९६८ ला त्यांनी ख्रिस्ती वैद्यकीय आयोग नेमला. तो जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेच्या शेजारीच होता, दोघांचं बोलणं सुरू झालं, जामखेडसारखी कामं पुढे आली. १९७८ च्या आल्मा-आटा (आजच्या कझाकस्तानातलं शहर) इथल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत "सर्वांसाठी आरोग्य" म्हणून प्राथमिक आरोग्यसेवेचा जो ठराव झाला, त्याच्या मागे ही शिदोरी होती. आज आशाताई दारावर येते, तिच्या आधी आमच्या तालुक्यातल्या त्या बाया होत्या.

तेव्हा मंडळीने जगाला पैसाच दिला पाहिजे असं नाही. आपल्या जिल्ह्यात नीट केलेलं काम जगाने उचललं.

एक_बहीण

नाव देत नाही. माझा भाऊ मुंबई-आग्रा रोडवर ट्रक चालवायचा. २००३ मध्ये एड्सने गेला. शेवटच्या वर्षी तो देवळात, म्हणजे चर्चमध्ये, येऊन मागच्या बाकावर बसायचा. हळूहळू ते बाक रिकामं राहायला लागलं. प्रभुभोजनाच्या दिवशी आमच्यातल्या दोघांनी पाळकांना सांगितलं की त्याला प्याला देऊ नका. पाळक चांगले होते, पण गप्प बसले. तो परत कधी आला नाही.

औषध जगात नव्हतं असंही नाही. २००१ लाच मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा वर्षाचा डोस ३५० डॉलरला देऊ केला होता, आफ्रिकेसाठी. तोवर श्रीमंत देशांत त्याला दहा हजार डॉलरच्या वर पडायचे. आपल्याकडे सरकारने फुकट द्यायला सुरुवात केली १ एप्रिल २००४ ला. भाऊ पाच महिने आधी गेला.

मंडळीने त्याला औषध द्यावं ही माझी कधीच अपेक्षा नव्हती. बाकावर शेजारी बसायला हवं होतं. क्षयाच्या पिशव्या वाटाल तेव्हा तो रुग्ण रविवारी तुमच्या शेजारी येऊन बसला तर काय कराल, हे आधी ठरवा.

देवळालीकर

बहीण, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. क्षमा मागायचा मला अधिकार नाही, तरी मागतो.

हिशेबनीस

मी दोन ख्रिस्ती ट्रस्टचे हिशेब बघतो. ताईंच्या दुसऱ्या अर्ध्याबद्दल व्यवहाराचं सांगतो, कारण नंतर अडचण नको.

मंडळीचा ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो आणि आयकराची सूट मुळात भारतात खर्च होणाऱ्या पैशाला असते. परदेशात धर्मादाय खर्च करायचा तर वेगळी मंजुरी लागते, ती सहज मिळत नाही. (एफसीआरए हा कायदा परदेशातून येणाऱ्या पैशासाठी आहे, लोक गल्लत करतात.) म्हणजे मंडळीच्या खात्यातून आफ्रिकेला पैसे नकोत. ज्याला द्यायचे तो माणूस स्वतःच्या खात्यातून, रिझर्व्ह बँकेच्या नियमांत बसवून देणगी पाठवू शकतो.

पण पैसा हा एकच मार्ग नाही. लेवीय २५ मध्ये पन्नासाव्या वर्षी, योबेल वर्षी, गहाण गेलेली जमीन परत आणि बंधनात पडलेला माणूस मोकळा असा नियम आहे. त्याच नावाने १९९० च्या दशकात जगभरच्या चर्चनी गरीब देशांच्या कर्जमाफीची मागणी उचलली. १९९८ च्या मे महिन्यात बर्मिंगहॅमला श्रीमंत देशांची परिषद चालू असताना सुमारे ७० हजार लोकांनी हाताला हात धरून साखळी केली. २००५ मध्ये मोठी माफी झाली. त्यानंतर एप्रिल २००६ ला झांबियाने खेड्यांतल्या सरकारी दवाखान्यांची फी बंद केली. ताईंनी लिहिलेला तोच झांबिया, जिथे शरणपूरच्या मुलाने प्रार्थना वाचली.

मलेरियाने अजूनही वर्षाला सहा लाखांच्या आसपास माणसं मरतात, बहुतेक आफ्रिकेत, त्यातही पाच वर्षांखालची लेकरं. त्यावरची आर-२१ लस ऑक्सफर्डने शोधली, २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली, आणि ती बनते पुण्यात. काकांना सांगा, आफ्रिका इतकी लांब नाही.

मळेवाला_दिंडोरी

कर्जमाफी म्हणजे काय ते शेतकऱ्याला सांगायला नको. फक्त देशांचंही असं असतं हे माहीत नव्हतं.

ताई, तुमचं उत्तर पटलं. पेठ_रस्ता, तुमच्या ओळखीचे जे रुग्ण आमच्या बाजूला कामाला येतात त्यांच्या गोळ्या माझ्या शेडमध्ये ठेवता येतील का? सकाळच्या न्याहारीनंतर मी स्वतः देईन. आणखी दोघा-तिघा बागायतदारांना विचारतो.

पेठ_रस्ता

दादा, हो. रुग्णाला चालत असेल तरच, आणि दुसऱ्या मजुरांना कळता कामा नये. औषध तुमच्या जवळच्या आरोग्य केंद्राकडे वळवून घेता येतं, रुग्णाची नोंद ऑनलाइन असते. मी निरोप करतो.

शरणपूरची_नात

काल पुन्हा बैठक झाली. जसं झालं तसं लिहिते.

साउंड सिस्टीम येणार आहे, रंग पुढच्या वर्षी. दशांश मंजूर झाला, पण हिशेबनीस यांनी लिहिल्याप्रमाणे सगळाच क्षयरोग्यांना: आठ रुग्ण, सहा महिने. निक्षय मित्र म्हणून नोंदणी तरुण संघ करतोय. पिशवीवर शिक्का नाही, यावर मतदान घ्यावं लागलं आणि थोडक्यात जिंकलो. एक_बहीण, तुमचा मजकूर मी नाव-गाव न सांगता वाचून दाखवला. पाळकसाहेब पुढच्या प्रभुभोजनाच्या आधी क्षयाबद्दल आणि गोळ्यांबद्दल बोलणार आहेत.

आफ्रिकेसाठी आम्ही सातजणी आपापल्या खात्यातून काय जमेल ते पाठवू. काकांचं मत बदललेलं नाही. वेनराइटची गोष्ट त्यांनी शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "तो इथे शिकला हे चांगलंच, पण मी आधी पेठ बघीन." मग बैठक संपल्यावर जिन्यात थांबवून विचारलं, पिशव्या न्यायला गाडी ठरवली का. त्यांचा टेम्पो आहे. शनिवारी सकाळी सातला पेठ नाक्यावरून निघतोय.

तूरडाळ आणि शेंगदाणे घाऊक भावात कुठे मिळतील ते कोणी सांगेल का?

मळेवाला_दिंडोरी

शेंगदाणे बघू नका, मी आणतो. सातला नाक्यावर.

पेठ_रस्ता

दुधाची पावडर छोट्या पाकिटांत घ्या. मोठं पाकीट एकदा उघडलं की आमच्याकडच्या दमट हवेत चार दिवसांत गोळा होतं.